माऊ, चार्ज घेण्याआधी हे वाच

चि. माऊ,

अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू फोन ठेवलास त्यानंतर मी बराच वेळ गॅलरीत बसून होतो. तू म्हणालीस बाबा, प्रभारी प्राचार्याचा चार्ज म्हणजे प्रमोशन नाही, गळ्यातलं लोढणं आहे, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली, विद्यापीठाची पत्रं, संस्थेच्या मीटिंगा, पोरांच्या स्कॉलरशिपचे घोळ, यात माझं रिसर्च संपलं म्हणून समजा. आणि मग हळूच म्हणालीस की तसंही मी कुठे काय शोधून काढलंय, पंधरा वर्षं नुसतं शिकवलंच. ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. फोनवर मला नीट बोलता येत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून हे टाइप करतोय, एका बोटाने, दोन दिवस लागलेत, शुद्धलेखन बघू नकोस.

चार्ज घे किंवा घेऊ नको, असं मी काही सांगणार नाही. तुझं तू ठरव. मी चौतीस वर्षं फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट होतो, प्राचार्य सात बघितले, पण प्राचार्याची खुर्ची आतून कशी लागते ते मला काय ठाऊक. मला फक्त एका माणसाबद्दल तुला सांगायचंय. तो पाद्री होता, कॉलेजचा प्रमुख होता, फिजिक्स शिकवायचा, आणि त्याने स्वतः म्हणावा असा एकही मोठा शोध लावला नाही. फादर लाफों. यूजीन लाफों.

आमच्या लॅबच्या दारामागे भिंतीवर तो लांब बॅरोमीटर होता आठवतो का तुला? फोर्टिनचा. लहानपणी सुट्टीत तू माझ्याबरोबर यायचीस तेव्हा तुला मी स्टुलावर उभं करून तो दाखवायचो. खाली पाऱ्याची वाटी, तिच्या तळाशी स्क्रू, आणि वर हस्तिदंताचा एक बारीक टोकदार काटा. स्क्रू हळूहळू फिरवायचा, पारा वर चढतो, आणि पाऱ्यात त्या काट्याचं प्रतिबिंब दिसतं ना, ते खालचं टोक आणि वरचं टोक एकमेकाला जेमतेम टेकलं की थांबायचं. जरा जास्त फिरवलं तर पाऱ्याला खळगी पडते, मग परत खाली घ्यायचं. ते जुळलं की मगच वर जाऊन व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची सरकती पट्टी, वाचायचा. तू श्वास रोखून बघायचीस आणि "टेकलं!" म्हणून ओरडायचीस, आणि तुझ्या ओरडण्याने माझा हात हलायचा.

तो मी रोज वाचायचो. कुणी सांगितलं नव्हतं, प्रॅक्टिकलमध्येही नव्हता. सकाळी दहाला आणि संध्याकाळी निघताना चारच्या सुमाराला, एका जुन्या वहीत आकडा लिहून ठेवायचो. आमच्या डिपार्टमेंटला तेव्हा एक बंगाली सर होते, मुंबईत वाढलेले पण मूळ कोलकात्याचे, त्यांनी एकदा ती वही बघितली आणि म्हणाले, अरे, तू तर आमच्या लाफों फादरांचं काम करतोयस. मी विचारलं हे कोण. तर ते टेबलावर बसले आणि पुढचा पाऊण तास नुसते बोलत होते. मी ते कधी विसरलो नाही, आणि रिटायर झाल्यावर मिळेल तिथून मिळेल ते वाचलं, इंग्रजी जड जातं पण डिक्शनरी घेऊन बसलो.

तर ऐक. हा माणूस बेल्जियमचा. मोन्स नावाच्या गावात २६ मार्च १८३७ ला जन्मला. सतराव्या वर्षी, १८५४ मध्ये, जेझुइट झाला. जेझुइट म्हणजे तुला माहीत आहे, सेंट इग्नेशियसने १५४० मध्ये सुरू केलेला तो संघ, ज्यांची जगभर कॉलेजं आहेत, आपल्या मुंबईचं झेवियर्सही त्यांचंच. त्यांच्यात तीन शपथा असतात, गरिबीची, ब्रह्मचर्याची आणि आज्ञापालनाची. मला यातली तिसरी सगळ्यात अवघड वाटते. म्हणजे तुला कुठे पाठवायचं, काय शिकवायला लावायचं, कधी कुठल्या पदावर बसवायचं आणि कधी उठवायचं, हे तुझे वरिष्ठ ठरवणार. लाफोंना निसर्गविज्ञानाची आवड, शिक्षण त्यात झालेलं, आणि १८६५ च्या डिसेंबरात ते कलकत्त्याला सेंट झेवियर्समध्ये येऊन पोचले तर हातात विषय पडला फिलॉसॉफी. कॉलेज तेव्हा पाचच वर्षांचं होतं, १८६० मध्ये निघालेलं. विज्ञानाची लॅब म्हणावी असं काही तिथे नव्हतं, तुमच्या सायन्स विंगला आत्ता जे आहे त्याच्या शंभरावा हिस्साही नव्हता.

त्यांनी तक्रार केली की नाही मला माहीत नाही, पण त्यांनी काय केलं ते माहीत आहे. हळूहळू उपकरणं जमवली, लॅब उभी केली, आणि गच्चीवर जाऊन हवामानाची निरीक्षणं घ्यायला सुरुवात केली. वेधशाळा म्हणण्यासारखं काही नव्हतं, कामचलाऊ मांडणी. पण रोज.

आता या "रोज"बद्दल मला तुला जरा सांगू दे, कारण हा एकच भाग असा आहे की जो मी स्वतः केलाय. आपल्याकडे, म्हणजे या अक्षांशात, हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या आसपास वर, दुपारी चारच्या आसपास खाली, परत रात्री दहाला वर, पहाटे चारला खाली. फरक किती तर दोन-एक मिलिमीटर. पहिले पंधरा दिवस वहीत आकडे लिहिताना काही कळत नाही, कंटाळा येतो. महिन्या-दोन महिन्यांनी कळतं की हे घड्याळासारखं चाललंय, हवा श्वास घेतल्यासारखी. वर्षभराने तर असं होतं की आकडा बघायच्या आधीच साधारण काय असेल ते माहीत असतं. आणि मग एखाद्या दिवशी सकाळी दहाला, जेव्हा तो चढलेला असायला पाहिजे, तेव्हा तो खाली असतो, आणि दुपारी आणखी खाली, आणि पोटात गोळा येतो. मी पावसाळ्यात दोनदा बघितलंय हे, दोन्ही वेळेला दुसऱ्या दिवशी धो धो पाऊस. एकदाच बॅरोमीटर बघणाऱ्याला यातलं काहीही दिसणार नाही. ज्याने नेहमीचं रोज बघितलंय त्यालाच वेगळं काय ते दिसतं.

नोव्हेंबर १८६७ मध्ये लाफोंना हेच दिसलं. कलकत्त्याला येऊन त्यांना दोनही वर्षं झाली नव्हती. त्यांनी ओळखलं की मोठं चक्रीवादळ येतंय, आणि तशी सूचना अधिकाऱ्यांना दिली, लोकांना सावध करता आलं, आणि कितीतरी जीव वाचले. याची किंमत कळायला तीन वर्षं मागे जायला पाहिजे. ५ ऑक्टोबर १८६४ ला कलकत्त्यावर जे वादळ आलं होतं त्यात हुगळीतून पाण्याची भिंत आत आली आणि पन्नास-साठ हजार माणसं गेली. कुणी सांगणारं नव्हतं. भारताचं हवामान खातं सुरू झालं ते १८७५ ला. म्हणजे मधल्या काळात एक तिशीतला पाद्री गच्चीवर जाऊन पाऱ्याकडे बघत होता, ज्याला फिलॉसॉफी शिकवायला आणलं होतं!

माऊ, मला सांग, हे रिसर्च आहे का? पेपर नाही त्याच्यात. नवीन नियम नाही. आणि तरी मला त्या वादळाच्या आदल्या दिवशीचं ते रीडिंग कुठल्याही पेपरपेक्षा मोठं वाटतं.

बरं, पुढे. १८७१ मध्ये त्यांना कॉलेजचं रेक्टर केलं. म्हणजे सगळ्याचा प्रमुख, कॉलेजचाही आणि तिथे राहणाऱ्या फादर लोकांच्या घराचाही. तुझ्यासारखाच चार्ज. वय चौतीस. मी वाचत होतो तेव्हा मला वाटलं आता हा माणूस संपला, आता हिशेब आणि बांधकामं आणि साहेबांच्या भेटी. हे सगळं करावं लागलंच असेल, कॉलेज वाढलं त्यांच्या काळात. पण शिकवणं त्यांनी सोडलं नाही, आणि कॉलेजबाहेरच्या लोकांसाठी जाहीर व्याख्यानं सुरू केली होती तीही चालू ठेवली. मॅजिक लँटर्नच्या उजेडात पडद्यावर चित्रं, आणि टेबलावर प्रत्यक्ष प्रयोग. युरोपात जे जे नवीन निघेल ते ते हा माणूस मागवायचा आणि कलकत्त्याच्या लोकांपुढे करून दाखवायचा. टेलिफोन, एडिसनचा फोनोग्राफ, नंतर एक्स-रे. विचार कर, ज्या लोकांनी माणसाचा आवाज फक्त माणसाच्या तोंडून ऐकलाय त्यांच्यासमोर एक पत्र्याची फॉइल गुंडाळलेला दंडगोल बोलायला लागतो. तुझ्या बीएस्सीच्या पोरांना आता यूट्यूबवर सगळं दिसतं त्यामुळे त्यांना यातलं काही वाटणार नाही, पण डेमो करताना मागच्या बाकावरची पोरं उठून उभी राहतात ना, तो क्षण मला माहीत आहे, मी साहेबांच्या बाजूला उभा राहून चौतीस वर्षं तो बघितलाय.

इथे मला आमच्या कॉलेजचं एक आठवतं, नाव लिहीत नाही, ते गृहस्थही आता नाहीत. मी नोकरीला लागून आठ-नऊ वर्षं झाली असतील. ग्रँट आली आणि चार नवे स्पेक्ट्रोमीटर, प्रकाशाचे रंग वेगळे करून मोजायची उपकरणं, आले, चांगले, पितळी, व्हर्नियर असा स्वच्छ की भिंग न लावता वाचावा. तेव्हाचे प्राचार्य स्वतः बघायला आले, खूश झाले, आणि म्हणाले हे कपाटात ठेवा, कमिटी येईल तेव्हा काढा, पोरांना जुनेच द्या, मोडतील. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे कायम वस्तूंच्या वहीत, नोंद झाली, कपाटाला कुलूप लागलं, किल्ली ऑफिसला. अकरा वर्षं, माऊ! अकरा वर्षांनी काढले तेव्हा दोघांचे स्क्रू जाम झाले होते आणि एका टेलिस्कोपच्या भिंगाला बुरशी. एकाही पोराने त्यातून बघितलं नव्हतं. मी सही करणारा साधा असिस्टंट, मी काय बोलणार, पण मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. अजून त्याचं वाईट वाटतं.

लाफोंचं उलट होतं. १८७४ च्या ९ डिसेंबरला शुक्र सूर्याच्या बिंबावरून सरकला, ते अधिक्रमण. जगभरातून मोहिमा निघाल्या होत्या. इटलीची एक तुकडी पिएत्रो ताक्किनी नावाच्या खगोलशास्त्रज्ञाबरोबर बंगालमध्ये आली होती आणि कलकत्त्यापासून आत मधुपूरला त्यांनी तळ टाकला. लाफों त्यांना जाऊन मिळाले. या इटालियन लोकांचं वैशिष्ट्य म्हणजे त्यांनी स्पेक्ट्रोस्कोप लावला होता, बाकीचे बहुतेक दुर्बिणीतून डोळ्याने बघण्यावर किंवा फोटोवर अवलंबून होते. आणि शुक्राच्या कडेचा प्रकाश तपासताना तिथल्या वातावरणात पाण्याची वाफ असल्याची खूण त्यांना मिळाली असं त्यांनी नोंदवलं. पण मला त्याच्यापेक्षा नंतरचं महत्त्वाचं वाटतं. ताक्किनींनी लाफोंना म्हटलं की सूर्याचा रोजचा अभ्यास करायला पूर्वेकडे एक वेधशाळा पाहिजे, युरोपात हिवाळ्यात सूर्य दिसत नाही, तुमच्याकडे दिसतो. झालं. लाफों परत आले आणि दारोदार पैसे मागायला लागले. बंगालचे तेव्हाचे लेफ्टनंट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल, जे नंतर १८७७ ला आपल्या मुंबईचे गव्हर्नर झाले, त्यांच्याकडून मदत मिळवली, आणखी लोकांकडून मिळवली, आणि १८७५ मध्ये कॉलेजच्या गच्चीवर घुमट बांधून दुर्बीण बसवली. गरिबीची शपथ घेतलेला माणूस, स्वतःच्या नावावर फुटकी कवडी नाही, आणि दुर्बिणीसाठी मात्र गव्हर्नरच्या दारात उभा राहायला लाज वाटली नाही. तुला पैसे मागायची लाज वाटते ना? मला पण वाटायची.

आता बोस. जगदीशचंद्र बोस १८६९ मध्ये दहाएक वर्षांचे असताना सेंट झेवियर्सच्या शाळेत आले. आधी गावच्या बंगाली शाळेत शिकलेले, वडिलांनी मुद्दाम तिथे घातलं होतं, त्यामुळे कलकत्त्याच्या इंग्रजी बोलणाऱ्या पोरांत सुरुवातीला बरेच बुजलेले. पुढे त्याच कॉलेजात गेले आणि तिथे लाफोंच्या तासाला बसले. विज्ञानाची गोडी लागली ती तिथे. नंतर इंग्लंडला गेले, १८८५ ला परत येऊन प्रेसिडेन्सी कॉलेजात लागले, इंग्रज प्राध्यापकांपेक्षा कमी पगार देतात म्हणून तीन वर्षं पगारच घेतला नाही, हे सगळं तुला पाठ आहे, तूच मला दहावीत असताना निबंधात लिहून दाखवलं होतंस. १८९५ मध्ये टाउन हॉलमध्ये त्यांनी विद्युत लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवली, बंदुकीची दारू उडवली. त्याच सुमारास बिनतारी संदेशासाठी मार्कोनीचं नाव जगभर व्हायला लागलं. तेव्हा साठीला आलेले लाफों जाहीर व्याख्यानात उभे राहून बिनतारी संदेशाचे प्रयोग करून दाखवतात आणि सांगतात की याचं श्रेय माझ्या विद्यार्थ्याचं आहे. माझ्या डोळ्यासमोर ते चित्र नेहमी येतं. स्वतः शोध न लावलेला शिक्षक, शोध लावणाऱ्या विद्यार्थ्यासाठी उभा. त्यांच्या आवाजात हेवा असेल असं मला कल्पनेतही वाटत नाही.

पण मला तुला खरं सांगायचंय ते वेगळंच. महेंद्रलाल सरकार. हे नाव तू ऐकलं असशील, रामकृष्ण परमहंसांवर शेवटच्या आजारात उपचार करणारे डॉक्टर. कलकत्ता मेडिकल कॉलेजचे एमडी, आणि १८६७ मध्ये उघडपणे होमिओपॅथीच्या बाजूने उभे राहिले म्हणून बाकीच्या डॉक्टरांनी वाळीत टाकलं, प्रॅक्टिस बसली. अशा या हट्टी माणसाच्या डोक्यात होतं की भारतीयांनी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या ताब्यात, विज्ञानाची संस्था काढायची. शिकण्यापुरती नाही, संशोधनाची. पैसा गोळा करायला वर्षं गेली. आणि त्यात विरोध कुणाचा, तर आपल्याच काही पुढाऱ्यांचा. त्यांचं म्हणणं होतं की गरीब देशाला शुद्ध विज्ञान कशाला, तांत्रिक शाळा काढा, पोरं सुतारकी-लोहारकी-मशीनकाम शिकतील, पोट भरेल. ऐकायला रास्त वाटतं की नाही? मला अजूनही यातलं निम्मं पटतं, आयटीआयला मी कमी लेखत नाही, तुझ्या काकाचं सगळं घर त्यावर उभं राहिलंय.

तिथे लाफों सरकारांच्या बाजूने उभे राहिले. आणि त्यांनी जे मांडलं त्याचा आशय असा की नुसते मिस्त्री तयार केलेत तर या लोकांच्या डोक्यावर देखरेखीला कायम युरोपियन लागणार, आणि डॉक्टर सरकारांना आपल्या माणसांना त्या लाजिरवाण्या बंधनातून सोडवायचंय. हे कोण म्हणतंय तर एक युरोपियन पाद्री, १८७६ च्या आसपास, ब्रिटिश हिंदुस्थानच्या राजधानीत! बंगाली सरांनी मला हे सांगितलं तेव्हा मी हातातलं काम थांबवलं होतं. कारण मी त्या देखरेखीखालचा माणूस होतो. मला उपकरण दुरुस्त करता यायचं, पण ते असं का चालतं हे समजायला मला कुणी बसवून घेतलं नव्हतं, मी चोरून ऐकून शिकलो, साहेब लोक शिकवत असताना दारात उभा राहून.

२९ जुलै १८७६ ला संस्था निघाली, इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स, २१० बहूबाजार स्ट्रीट. लाफों पहिल्यापासून तिथे. आणि नुसतं नाव द्यायला नाही, रेक्टर असताना आणि नसतानाही, वर्षानुवर्षं दर आठवड्याला स्वतःच्या कॉलेजातून उठून दुसऱ्याच्या संस्थेत जाऊन ते फिजिक्सची व्याख्यानं देत राहिले. फुकट. एक कॅथलिक फादर आणि एक होमिओपॅथी करणारा हिंदू डॉक्टर, दोघांचा धर्म वेगळा, स्वभाव वेगळा, सरकार तर भयंकर तापट, पण एका टेबलावर दोघांची उपकरणं. ज्या कॉलेजांत लॅब नव्हत्या तिथली पोरं येऊन बसायची.

मला यात एक खटकतं तेही सांगतो, उगाच देव्हाऱ्यात बसवायला नको. तेव्हाचं झेवियर्स हे फक्त मुलांचं कॉलेज होतं, तुला तिथे प्रवेश मिळाला नसता. आणि तिथे येणारी बंगाली पोरंही खात्यापित्या घरातली. माझ्यासारखा तर गेटच्या आतसुद्धा गेला नसता. लाफों त्या काळाचेच होते. पण त्यांनी जे दार उघडं ठेवलं त्यातून पुढे कोण आलं ते बघ.

महेंद्रलाल सरकार १९०४ ला वारले. शेवटी शेवटी फार निराश होते. व्याख्यानं झाली, इमारत झाली, पण संशोधन होत नव्हतं, पूर्णवेळ प्राध्यापक नेमायला पैसे देणारे श्रीमंत मिळाले नाहीत. त्यांना वाटलं सगळं वाया गेलं. लाफों १० मे १९०८ ला दार्जिलिंगला वारले. त्याच वर्षी कलकत्ता विद्यापीठाने त्यांना मानद डीएस्सी दिली होती, ब्रिटिश सरकारने आधी १८८० मध्ये सीआयई हा किताब दिला होता, पण ते राहू दे.

त्याच्या आदल्या वर्षी, १९०७ मध्ये, मद्रासचा एक तरुण कलकत्त्याला सरकारी हिशेब खात्यात नोकरीला आला होता. वय अठरा-एकोणीस. ट्रामने जाताना बहूबाजारात त्याला एक पाटी दिसली, संस्थेची. उतरला, दार ठोठावलं. दार उघडलं आशुतोष डे नावाच्या माणसाने. हा कोण माहीत आहे? लॅब असिस्टंट! आत महेंद्रलालांचे चिरंजीव अमृतलाल होते, त्यांनी त्या पोराला म्हटलं ये, वापर, सगळं तुझंच आहे. तो पोरगा म्हणजे चंद्रशेखर व्यंकट रामन. नोकरीच्या आधी पहाटे आणि नोकरीनंतर रात्री तो तिथे काम करायचा आणि आशुबाबू त्याच्याबरोबर. पुढे रामनच्या बरोबरीने आशुतोष डेंचं नाव पेपरवर छापून आलंय. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझ्या आईला हाक मारून बोलावलं आणि वाचून दाखवलं, तिला वाटलं पेन्शनचं काही पत्र आलं.

२८ फेब्रुवारी १९२८, त्याच इमारतीत रामन इफेक्टचा शोध लागला. तू दरवर्षी त्या दिवशी कॉलेजात विज्ञान दिन करतेस, रांगोळी, पोस्टर, भाषणं. सरकारांना जाऊन चोवीस वर्षं झाली होती, लाफोंना वीस. यांच्यापैकी कुणी ते बघितलं नाही. संस्था निघाल्यापासून मधे बावन्न वर्षं गेली होती, आणि त्यातली बरीचशी वर्षं बाहेरून बघणाऱ्याला असंच वाटलं असणार की इथे नुसतं शिकवतात.

नुसतं. तू परवा वापरलास तोच शब्द.

माझं म्हणणं एवढंच आहे माऊ, की ते पंधरा वर्षांचं जे तू असं झटकून टाकलंस ना, ते पुन्हा असं टाकू नकोस, निदान माझ्यासमोर नको. तुझ्या एफवायच्या बॅचमधली ती मुलगी, जिचे वडील रिक्षा चालवतात, जिला तू सुट्टीत लॅब उघडून देत होतीस, ती आता पुण्याला एमएस्सीला आहे. तिचं काय होईल ते मला बघायला मिळणार नाही, कदाचित तुलाही नाही. आणि चार्जचं म्हणशील तर, तू घेतला नाहीस तर तुझं संशोधन होईल की नाही मी सांगू शकत नाही, तुझी तूच जाणशील, आणि तू नाही म्हणालीस तरी माझ्या मनात तुझी किंमत तसूभर कमी होणार नाही. पण घेतलास तर पहिल्याच दिवशी एक काम कर. फिजिक्सच्या कपाटांच्या किल्ल्या कुणाकडे असतात ते विचार. ऑफिसला असतील तर परत लॅबला दे. डेडस्टॉक रजिस्टर घेऊन स्वतः जाऊन बस, कुठली वस्तू किती वर्षं बाहेर आली नाही ते बघ, आणि तुमचा जो लॅब असिस्टंट आहे त्याला बरोबर बसव, उभा ठेवू नकोस. त्याला विचार काय चालतं, काय चालत नाही. त्याला सगळं माहीत असतं, कुणी विचारत नाही म्हणून तो सांगत नाही. मोडतील वस्तू, मोडू दे, ब्रेकेजचा रिपोर्ट लिहायला प्राचार्याची सही लागते आणि ती आता तुझीच असणार.

मी येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. आई येणार नाही, तिचा गुडघा परत धरलाय, पण काळजी करू नको, मलम लावलंय. चार्ज घेतला असशील तर आपण दोघं मिळून स्पेक्ट्रोमीटर काढू, मी स्क्रू सोडवून देईन. येताना मलमलीचं धुतलेलं जुनं फडकं आणि स्पिरिटची बाटली आणतो, तुमच्याकडे प्रिझम पुसायला टिश्यूच वापरत असणार, त्याने चरे पडतात.

तुझे,
बाबा

ता.क. बॅरोमीटरची ती वही सापडली, माळ्यावर होती. तीही आणतो.